परिचर्या, अध्यापन आणि राजकारण : अल्बर्टिना सिसुलू यांच्या सार्वजनिक कार्याचे विवेचन

राजकीय नेतृत्वाच्या अभ्यासात नेत्याच्या पूर्वव्यवसायाचा उल्लेख बहुधा चरित्राच्या पहिल्या प्रकरणात येतो आणि तेथेच संपतो. वकिली किंवा वृत्तपत्रव्यवसाय यांचा राजकारणाशी असलेला संबंध उघड असल्यामुळे त्यांची थोडीफार मीमांसा तरी होते. परिचारिका आणि शिक्षिका यांच्या वाट्याला मात्र ‘सेवाभाव’ हा एकच शब्द येतो. त्या शब्दाने गौरव होतो, परंतु उलगडा कशाचाच होत नाही. सेवाभावी माणसे पुष्कळ असतात. त्यांतली फारच थोडी राजकारणात येतात, आणि आलेल्यांपैकी सर्वच टिकत नाहीत. तेव्हा एखाद्या व्यवसायातून राजकीय कार्याला नेमके काय मिळते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील अल्बर्टिना सिसुलू यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ परिचर्येच्या व्यवसायात घालविलेली ही स्त्री १९८३ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या वर्णभेदविरोधी आघाडीच्या तीन अध्यक्षांपैकी एक झाली आणि १९९४ मध्ये संसदेची सदस्य झाली. त्यांचा व्यवसाय हा त्यांच्या राजकारणाचा केवळ पूर्वरंग नव्हता. तो त्या राजकारणाचा आधार होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. दोनच दारे

अल्बर्टिनाबाईंचा जन्म २१ ऑक्टोबर १९१८ रोजी ट्रान्सकाय प्रदेशातील त्सोमो तालुक्यात झाला. त्यांचे मूळचे नाव नोंत्सिकेलेलो; ‘अल्बर्टिना’ हे नाव मिशनच्या शाळेत मिळाले. वडील खाणकामगार होते व मुलगी लहान असतानाच फुप्फुसाच्या विकाराने वारले. आई आजारी असे, त्यामुळे धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी अल्बर्टिनाबाईंचे शिक्षण मधूनमधून खंडित झाले. या खंडाचा परिणाम पुढे एका प्रसंगी दिसून आला. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत यश मिळूनही वय अधिक असल्याच्या कारणावरून त्यांना शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. शिक्षकांनी या अन्यायाविरुद्ध वृत्तपत्रात लिहिले; ते वाचून कॅथलिक धर्मगुरूंनी खटपट केली आणि मातातिएलेनजीकच्या मारियाझेल विद्यालयात चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९३९ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण झाले.

शिकलेल्या आफ्रिकन मुलीपुढे त्या काळी प्रतिष्ठेचे असे दोनच व्यवसाय होते : अध्यापन आणि परिचर्या. अल्बर्टिनाबाईंच्या मनात जोगीण होऊन शिकवावे असे होते. तथापि जोगिणीला स्वतःचे वेतन नसते व तिला घराशी संबंध ठेवता येत नाही, असे धर्मगुरूंनी समजावले. भावंडांची जबाबदारी असलेल्या मुलीला हे परवडणारे नव्हते. परिचारिकेला शिक्षणाच्या काळातही थोडे वेतन मिळत असे, या व्यावहारिक कारणासाठी परिचर्येची निवड झाली. जानेवारी १९४० मध्ये त्या जोहान्सबर्गच्या ‘नॉन-युरोपियन’ रुग्णालयात शिकाऊ परिचारिका म्हणून दाखल झाल्या.

या निवडीत ‘सेवेची ओढ’ शोधण्यापेक्षा कौटुंबिक गरज पाहणे अधिक यथार्थ होईल. कारण हीच गरज पुढे राजकीय अर्थ धारण करते. मिळवती स्त्री म्हणून त्यांनी शहरात पाऊल टाकले आणि अखेरपर्यंत त्या मिळवत्याच राहिल्या.

२. वेतन आणि चळवळ

रुग्णालयात ज्येष्ठ आफ्रिकन परिचारिकांनाही कनिष्ठ गोऱ्या परिचारिकांच्या हुकमतीखाली वागावे लागे. वर्णभेदाचा हा अनुभव त्यांना अर्थातच नवा नव्हता. परंतु येथे तो ज्ञान आणि अधिकार यांच्या उलट्या उतरंडीच्या रूपाने समोर आला. १९४१ मध्ये त्यांची वॉल्टर सिसुलू यांच्याशी ओळख झाली. जुलै १९४४ मध्ये विवाह झाला. वराचे पाठीराखे होते नेल्सन मंडेला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या युवक संघाच्या सभेला उपस्थित असलेल्या त्या एकमेव स्त्री होत्या. मात्र त्या वेळी आपण राजकारणात आहोत असे त्या मानीत नव्हत्या. पतीबरोबर त्या सभेला गेल्या होत्या, इतकेच.

डिसेंबर १९४९ मध्ये वॉल्टर सिसुलू काँग्रेसचे सरचिटणीस झाले आणि पूर्णवेळ संघटनाकार्यात शिरले. संघटनेकडून मिळणारे मानधन तुटपुंजे व अनियमित होते. संसार चालला तो परिचारिकेच्या पगारावर. या गोष्टीची नोंद इतिहासग्रंथांत सापडते. तिचा अर्थ मात्र क्वचितच सांगितला जातो. १९५२ ची कायदेभंगाची मोहीम आणि १९५५ ची लोकसनद यांच्या मागे अहोरात्र राबणारा सरचिटणीस उभा होता. त्या सरचिटणिसाच्या घरी चूल पेटत होती ती एका स्त्रीच्या नोकरीमुळे. पक्षाच्या जमाखर्चात ही रक्कम कोठेच दिसत नाही. राजकीय संघटनांच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास केवळ वर्गणी व देणग्या यांच्यावर थांबला, तर असे योगदान नजरेतून निसटते.

३. प्रसाविकेची पेटी

१९५४ मध्ये अल्बर्टिनाबाई प्रसाविका म्हणून पात्र झाल्या आणि जोहान्सबर्ग नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात काम करू लागल्या. ऑर्लँडो व आसपासच्या वस्त्या, म्हणजे पुढे सोवेटो या नावाने ओळखला गेलेला भाग, हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. प्रसाविकेला वाहन नसे. औषधांच्या बाटल्या, वाडगी, उपकरणे यांनी भरलेली पेटी डोक्यावर घेऊन घरोघर पायी जावे लागे. बाळंतपणे लहानशा घरांत होत, आणि बहुतेक घरांत वीज नव्हती.

संघटनशास्त्राच्या दृष्टीने या पायपिटीकडे पाहिले असता तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे प्रवेश. राजकीय कार्यकर्ता दारावर आला की पोलिसांची नजर पडते. प्रसाविका कोणत्याही वेळी, रात्रीबेरात्रीसुद्धा, कोणत्याही घरात जाऊ शकते, आणि तिचे जाणे हा संशयाचा विषय होत नाही. दुसरी म्हणजे ज्ञान. कोणाच्या घरी किती माणसे राहतात, कोणाचा नवरा खाणीवर आहे, कोणाचे भाडे थकले आहे, कोणाला पासअभावी अटक झाली आहे, हे तिला आपोआप कळते. तिसरी गोष्ट विश्वासाची. जिने मूल जगात आणले तिच्या शब्दाला त्या घरात जे वजन असते, ते व्यासपीठावरील वक्त्याला सहसा लाभत नाही.

स्थानिक राजकारणाची नेहमीची व्याख्या नगरपालिका, प्रभाग, निवडणूक या संस्थांवर आधारलेली असते. ऑर्लँडोच्या बाबतीत ती व्याख्या अपुरी पडते. तेथील रहिवाशांना शहराच्या कारभारात मत नव्हते. त्यांच्यासाठी नेमलेली सल्लागार मंडळे निरधिकार होती, आणि पुढे १९८० च्या दशकात निर्माण केलेल्या कृष्णवर्णीय स्थानिक परिषदांवर बहिष्कार घालणे हाच राजकीय कार्यक्रम ठरला. ज्या नगरपालिकेत अल्बर्टिनाबाई नोकरीस होत्या, त्या नगरपालिकेत त्यांना प्रतिनिधित्व नव्हते. अशा ठिकाणी स्थानिक राजकारण संस्थांच्या बाहेर घडते : अंगणात, विहिरीवजा नळावर, प्रार्थनासभेत, अंत्ययात्रेत आणि बाळंतिणीच्या खोलीत.

४. शाळा घरात येते

१९५३ च्या ‘बांटू शिक्षण’ कायद्याने आफ्रिकन मुलांचे शिक्षण मिशनच्या हातून काढून सरकारच्या ताब्यात दिले. या मुलांना मजुरीपलीकडच्या कामांसाठी तयार करण्याचे कारण नाही, हा कायद्यामागील विचार त्याच्या पुरस्कर्त्यांनी लपविला नव्हता. १९५५ मध्ये काँग्रेसने शाळांवर बहिष्कार पुकारला. नोंदणी नसलेली शाळा चालविणे हा गुन्हा असल्यामुळे पर्यायी वर्गांना ‘सांस्कृतिक मंडळे’ असे नाव देण्यात आले. ऑर्लँडो वेस्टमधील सिसुलूंच्या घरातही असे वर्ग भरले. जोगीण होऊन शिकविण्याचे स्वप्न पाहिलेल्या अल्बर्टिनाबाईंचे घर अशा रीतीने शाळा बनले.

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. पैसा नव्हता, प्रशिक्षित शिक्षक थोडे होते, आणि बहिष्कार टाकणाऱ्या मुलांना सरकारी शाळांचे दरवाजे कायमचे बंद करण्याची धमकी होती. सिसुलूंनी आपली मुले खाजगी शाळेत व पुढे स्वाझीलँडमध्ये शिकविली. हा मार्ग बहुसंख्य पालकांना मोकळा नव्हता. तेव्हा बहिष्काराचे मूल्यमापन करताना त्याचे अपयश नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्या कायद्याखाली शिकलेली पिढीच १६ जून १९७६ रोजी सोवेटोच्या रस्त्यावर उतरली. आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध उठलेल्या त्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मुळात १९५५ चाच होता.

परिचर्येच्या क्षेत्रातही सरकारचा हात याच सुमारास पोहोचला. १९५७ च्या परिचर्या कायद्याने परिचारिकांच्या नोंदवह्या वर्णानुसार वेगळ्या केल्या आणि व्यवसायाचे नियंत्रण गोऱ्या परिषदेकडे ठेवले. लगोलग नोंदणीसाठी ओळखक्रमांक मागण्यात आला. त्याचा अर्थ असा, की आफ्रिकन परिचारिकेने प्रथम पास घ्यावा. १९५८ मध्ये बारग्वनाथ रुग्णालयात याविरुद्ध निदर्शने झाली. आफ्रिकन स्त्रीला खुल्या असलेल्या दोन्ही व्यवसायांत, म्हणजे जन्म आणि शिक्षण या घराच्या सर्वांत जवळच्या दोन क्षेत्रांत, वर्णभेदी राज्यसंस्था थेट शिरली होती. परिचारिका आणि शिक्षिका राजकारणात का आल्या, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. राजकारण आधी त्यांच्या कामात आले होते.

५. पासविरोधी लढा आणि त्याची किंमत

१७ एप्रिल १९५४ रोजी जोहान्सबर्ग येथे दक्षिण आफ्रिकी स्त्रियांचा महासंघ स्थापन झाला. सर्व वर्णांच्या स्त्रियांना एकत्र आणणाऱ्या या संघटनेत अल्बर्टिनाबाई प्रारंभापासून होत्या. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियातील सरकारी कचेरीवर चालून गेल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफी विल्यम्स यांनी निवेदनांचे गठ्ठे पंतप्रधान स्ट्राइडोम यांच्या कचेरीत नेले. पंतप्रधान भेटले नाहीत. एक आफ्रिकन, एक गोरी, एक भारतीय वंशाची आणि एक मिश्रवर्णीय अशी ही चौघींची रचना हेतुपूर्वक होती. १९४७ मध्ये झुमा, दादू व नायकर या तीन डॉक्टरांनी आफ्रिकन आणि भारतीय काँग्रेस यांच्यात सहकार्याचा जो करार केला, त्याची परंपरा येथे स्त्रियांनी पुढे नेलेली दिसते. मोर्च्यातील चारचौघींची नावे इतिहासात राहिली. परंतु वीस हजार स्त्रियांना आगगाडीपर्यंत आणण्याचे काम वस्तीवस्तीतील ज्यांनी केले, त्यांत अल्बर्टिनाबाई होत्या. १९५८ च्या पासविरोधी निदर्शनांत त्यांना अटक होऊन काही आठवडे तुरुंगवास घडला.

१९६१-६२ च्या सुमारास टांगानिका स्वतंत्र होताच तेथील ब्रिटिश परिचारिका निघून गेल्या आणि रुग्णालये ओस पडली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतून वीस आफ्रिकन परिचारिका तेथे पाठविण्यात आल्या. त्यांना निवडण्याच्या व गुप्तपणे धाडण्याच्या कामात अल्बर्टिनाबाईंचा वाटा होता. एका नवस्वतंत्र राष्ट्राशी चळवळीचे नाते जोडण्यास भाषणांपेक्षा या वीस जणींचा उपयोग अधिक झाला असावा.

जून १९६३ मध्ये, वॉल्टर भूमिगत असताना, नव्वद दिवसांच्या स्थानबद्धतेच्या नव्या कायद्याखाली अल्बर्टिनाबाईंना कामाच्या ठिकाणी अटक झाली. या कायद्याखाली पकडली गेलेली ती पहिली स्त्री. जवळजवळ दोन महिने त्यांना एकांत कोठडीत ठेवले. १२ जून १९६४ रोजी वॉल्टर यांना जन्मठेप झाली. त्यानंतर अल्बर्टिनाबाईंवर एकामागून एक बंदीहुकूम निघाले. त्यांचा एकूण काळ सुमारे अठरा वर्षांचा होता. सभेला जाणे, भाषण करणे, ठरलेल्या हद्दीबाहेर पडणे निषिद्ध; त्यांचे शब्द छापणेही गुन्हा.

या अठरा वर्षांत राजकीय अर्थाने त्या मूक होत्या. परंतु प्रसाविकेचे काम चालू राहिले, कारण नगरपालिकेला परिचारिकांची गरज होती. स्वतःची पाच मुले, शिवाय वॉल्टर यांच्या बहिणीची मुले, यांचा भार त्या पगारावर होता. त्यात भर म्हणून त्या विणकाम व शिवणकाम करीत. ज्यांच्या वाणीवर बंदी होती त्यांच्या येण्याजाण्यावर, निदान कामापुरती, बंदी नव्हती. व्यासपीठ हिरावले गेले तरी वस्ती हिरावली गेली नाही. १९८० च्या दशकात त्या पुन्हा उघड नेतृत्वात आल्या तेव्हा सोवेटोत त्यांची नव्याने ओळख करून देण्याची गरज पडली नाही, याचे कारण हेच.

६. राष्ट्रीय नेतृत्व

२० ऑगस्ट १९८३ रोजी केपटाऊनजवळ मिचेल्स प्लेन येथे संयुक्त लोकशाही आघाडीची, म्हणजे युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटची, स्थापना झाली. नागरिक समित्या, विद्यार्थिसंघटना, कामगारसंघ, स्त्रीमंडळे व धर्मसंस्था अशा शेकडो संघटना तीत सामील झाल्या. ऑस्कर म्पेथा व आर्ची गुमेडे यांच्याबरोबर अल्बर्टिना सिसुलू यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. त्या वेळी त्या तुरुंगात होत्या.

ही निवड केवळ प्रतीकात्मक होती, असा आक्षेप घेता येईल. तुरुंगातील नेत्याची पत्नी म्हणून काँग्रेसच्या परंपरेशी नाते सांगण्यासाठी त्यांचे नाव घेतले गेले, दैनंदिन सूत्रे तरुण चिटणिसांच्या हाती होती, असे म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु आघाडीचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे हा आक्षेप अपुरा ठरतो. ही आघाडी वस्तीपातळीवरील संघटनांची बनलेली होती. भाडे, पाणी, शाळा, दवाखाना हे तिचे प्रश्न होते. त्या प्रश्नांमध्ये तीस वर्षे पायी हिंडलेली व्यक्ती तिच्या शिरोभागी असणे हा योगायोग नव्हे. प्रतीक होण्यासाठीसुद्धा अंगी काही साठलेले असावे लागते.

फेब्रुवारी १९८५ मध्ये आघाडीच्या नेत्यांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. पीटरमारिट्झबर्ग येथील या खटल्यात सोळा आरोपी होते. डिसेंबरमध्ये अल्बर्टिनाबाईंसह बारा जणांवरील आरोप मागे घ्यावे लागले. या संपूर्ण काळात त्यांनी परिचर्या सोडली नव्हती. नगरपालिकेतून निवृत्त झाल्यावर १९८४ पासून त्या सोवेटोत डॉ. अबू अस्वात यांच्या दवाखान्यात काम करीत होत्या. भारतीय वंशाचे अस्वात हे गरीब वस्त्यांत काम करणारे डॉक्टर असून आझापो या कृष्णचेतनावादी पक्षाचे आरोग्यचिटणीस होते. आझापो आणि संयुक्त आघाडी यांच्यात त्या वर्षांत रक्तरंजित चकमकी झडत होत्या. त्याही परिस्थितीत एका पक्षाचा पदाधिकारी आणि दुसऱ्या आघाडीची अध्यक्ष एकाच दवाखान्यात, एकाच रुग्णाच्या उशाशी उभे असत. पक्षनिष्ठेच्या आड न येणारी व तरीही पक्षनिष्ठेला मर्यादा घालणारी अशी ही व्यावसायिक निष्ठा होती. २७ जानेवारी १९८९ रोजी डॉ. अस्वात यांची दवाखान्यातच गोळ्या घालून हत्या झाली. अल्बर्टिनाबाई तेव्हा तेथेच होत्या.

त्याच वर्षी त्यांना पारपत्र मिळाले व आघाडीच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व करीत त्या परदेशी गेल्या. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आणि ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याशी त्यांच्या भेटी झाल्या. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी वॉल्टर सिसुलू सुटले. १९९१ मध्ये अल्बर्टिनाबाई काँग्रेसच्या महिला संघाच्या उपाध्यक्ष झाल्या.

एप्रिल १९९४ च्या निवडणुकीत देशाच्या संसदेसाठी त्यांनी आयुष्यातले पहिले मत दिले. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तर होते, आणि त्याच निवडणुकीने त्यांना संसदेत पाठविले. मतदार व प्रतिनिधी या दोन्ही भूमिका एकाच दिवशी लाभाव्यात, यावरून त्यांच्या पूर्वीच्या चाळीस वर्षांच्या राजकारणाचे स्वरूप कळते : ते सर्वस्वी मताधिकाराविना केलेले राजकारण होते. ९ मे १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मंडेला यांचे नाव त्यांनीच सुचविले. त्याच महिन्यात मंडेलांनी गर्भवती स्त्रिया व सहा वर्षांखालील मुले यांना मोफत आरोग्यसेवा देण्याची घोषणा केली. या निर्णयाचे श्रेय एका व्यक्तीला देणे अयोग्य होईल. मात्र ऑर्लँडोच्या गल्ल्यांतून पेटी वाहणाऱ्या प्रसाविकांना ज्या गोष्टीची उणीव दर रात्री जाणवली, ती आता शासनाचे धोरण बनली होती. १९९९ मध्ये त्या संसदेतून निवृत्त झाल्या. त्यांनी मंत्रिपद भूषविले नाही. २ जून २०११ रोजी जोहान्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

७. निष्कर्ष

अल्बर्टिना सिसुलू यांना ‘राष्ट्रमाता’ म्हणून गौरविण्यात आले. हा गौरव मनःपूर्वक असला तरी अभ्यासकाने त्याच्याकडे सावधपणे पाहणे इष्ट होय. मातृत्वाच्या उपमेत वेतन दिसत नाही, कौशल्य दिसत नाही, संघटनेचे कष्ट दिसत नाहीत. जे शिकून, राबून व पत्करलेल्या धोक्यातून मिळविले ते स्वभावसिद्ध वाटू लागते. प्रत्यक्षात परिचर्येने त्यांना स्वतंत्र उत्पन्न दिले, घरोघरी प्रवेश दिला, वस्तीचे ज्ञान व विश्वास दिला, बंदीच्या काळात लोकांशी संबंध टिकवून दिला आणि पक्षभेदाच्या पलीकडे उभे राहण्याची जागा दिली. शिक्षणाच्या प्रश्नाने या कार्याला पुढील पिढीशी जोडले.

यावरून प्रत्येक परिचारिका राजकारणाला योग्य ठरते, असा सिद्धान्त काढता येणार नाही. त्यांच्या बहुसंख्य व्यवसायभगिनी राजकारणापासून दूर राहिल्या, आणि नोकरी गमावण्याची भीती हे त्याचे समंजस कारण होते. निष्कर्ष एवढाच, की जेथे मताधिकार नाही तेथे प्रतिनिधित्व निर्माण होण्याची जागा मतपेटीऐवजी कामाची जागा असते. तेथील नेतृत्वाचा शोध घेणाऱ्याने सभांच्या वृत्तान्तांबरोबरच दवाखान्याची नोंदवही आणि शाळेचा हजेरीपटही उघडून पाहिला पाहिजे.